गॅस्केट शेवटी जातं, आधी काय गेलं ते शोधा

गोव्यातल्या साखळीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. घरी १९९८ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, वडिलांनी घेतलेली. मे महिन्यात बेळगावला निघाले होते. केरी सोडली, अंजुणे धरण मागे पडलं आणि चोर्ला घाटाच्या चढाला गाडी तापली. काटा लाल रेषेला टेकला, पण वळणावर थांबायला जागा नाही आणि मागे ट्रक. थोडं पुढे गेल्यावर काटा आपोआप खाली आला, म्हणून यांचा जीव भांड्यात पडला आणि गाडी तशीच पुढे दामटली. सुर्ल्याच्या आसपास ओढ गेली, इंजिन थडथडायला लागलं आणि शेवटी बंदच पडलं. तिथे रेडिएटरमध्ये प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या, बराच फुत्कार झाला. गाडी टेम्पोला बांधून घरी आणली, ती आजतागायत अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे.

एक मेस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्या मधली सांधपट्टी) उडालंय, दोन दिवसांत टाकून देतो. दुसरा म्हणतो फुल इंजिन काम करावं लागेल. मेहुणे म्हणतात भंगारात काढा. यांना चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान आणायला गाडी हवी आहे. प्रश्न असा की नुसतं गॅस्केट टाकून भागेल का, की आधी बाजारात मिळणारं गळती बंद करायचं बाटलीतलं औषध ओतून बघावं?

बाटली आधी निकालात काढतो. ते औषध रेडिएटरच्या बारीक भोकाला कधीकधी लागू पडतं. पण सिलिंडरात पेट्रोल पेटतं तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या तीस-चाळीस पट जातो. रेडिएटरचं झाकण ज्या दाबाला उघडतं तो चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.९ किलो. जे औषध झाकणाच्या दाबासाठी बनलंय ते सिलिंडरच्या तोंडावर टिकणार नाही. उलट तेच रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटवर (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेवर) जाऊन बसतं आणि पुढचं काम वाढवून ठेवतं. पूर्वी घाटात ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकायचे, ही त्याच घराण्यातली सुधारलेली पिढी. घरापर्यंत पोचायला ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

आता मुद्द्यावर येऊ. फोंड्यात गॅरेज टाकून मला ३२ वर्षं झाली. एवढ्या काळात, आपल्या मनाने, काही कारण नसताना गेलेली गॅस्केटं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. बाकी सगळी गाडी तापल्यामुळे गेली. गाडी तापली ती पाणी कमी झालं किंवा फिरलं नाही म्हणून, आणि त्याला काहीतरी कारण होतं. त्यामुळे ‘गॅस्केट टाकून भागेल का’ याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. तापल्यामुळे हेड वाकलंय का, आणि तापण्याचं कारण सापडलंय का? या दोहोंचं उत्तर हेड उतरवून मोजल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. तुमच्या पहिल्या मेस्त्रीला नाही, दुसऱ्याला नाही आणि इथे बसून मलाही नाही.

८००च्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट पसरतं. फूटभर हेड, म्हणजे ३० सेंटिमीटर धरा. थंड इंजिनापासून चालत्या इंजिनापर्यंत ८० अंशांचा फरक पडला तर हेड अर्धा मिलिमीटरच्या वर लांब होतं, ब्लॉक त्याच्या निम्माच. म्हणजे रोज सकाळी गाडी सुरू केली की हेड ब्लॉकवर पाव मिलिमीटर सरकतं आणि संध्याकाळी परत जागेवर येतं. मधे सँडविच झालेलं गॅस्केट वर्षानुवर्षं हे सोसतं, त्याला तेवढ्यासाठीच बनवलंय. तापमान मर्यादेबाहेर गेलं की मात्र हेडला पसरायचं असतं आणि बोल्ट सोडत नाहीत. अॅल्युमिनियम मग आतल्या आत चेपतं आणि थंड झाल्यावर सरळ राहत नाही, मधे कमान धरतं. त्या कमानीखाली गॅस्केटवरचा दाब सुटतो. ते जळतं ते नंतर.

तुमच्या हकिकतीतली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे खाली आलेला काटा. बहुतेकांची इथेच फसगत होते. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उकळून निघून गेलं की तो वाफेत उघडा पडतो. वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी त्याच्यापर्यंत पोचवत नाही, म्हणून काटा खाली येतो. गाडी थंड झालेली नसते, कोरडी झालेली असते. म्हणजे अंजुण्याच्या वरपासून सुर्ल्यापर्यंत तुमचं इंजिन बहुधा पाण्याविना चढ चढलं. त्यावर लगेच गार पाणी ओतलं, तेही हेडला मानवलेलं नसणार. तापलेला तवा नळाखाली धरल्यासारखंच ते. म्हणून पुढे जे सांगतो त्यात हेडला तडा गेलाय का हे पाहणं तुमच्या बाबतीत ऐच्छिक नाही.

आणि एक काम आजच करा. गाडी मे महिन्यापासून उभी आहे. गॅस्केट गेलं असेल तर एखाद्या सिलिंडरात पाणी उतरून बसलेलं असणार आणि बिडाच्या बोअरला (पिस्टन वरखाली होतो त्या नळीला) पावसाळ्यात गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल घाला, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने हळू फिरवून बघा. स्टार्टर मारू नका. पाण्याने भरलेल्या सिलिंडरावर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग दुसरा मेस्त्री म्हणतो ते फुल इंजिन काम खरंच करावं लागेल. हाताने फिरलं तर निम्मी काळजी मिटली समजा.

प्लग काढले आहेत तर ते ओळीने मांडून त्यांच्याकडेही बघा. जळलेला, तपकिरी किंवा काळसर प्लग म्हणजे नेहमीचा. एखादाच प्लग घासून धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरात पाणी जात होतं, वाफेने तो धुतला गेला. मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात होणारा दाब, मोजा. धडधाकट पेट्रोल इंजिन साधारण ११ ते १३ किलो दाखवतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर चार-पाचवर आणि तिसरा बरा, असं दिसलं तर त्या दोघांच्या मधली पट्टी जळून आरपार झालीय. तिन्ही सारखेच कमी असतील तर मात्र पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यावा लागतो. इंजिन कोरडं तापलं की रिंगांचा ताण जातो.

इथे थोडं विषयांतर, कारण पावसाळ्यात दर आठवड्याला कुणी ना कुणी घाबरा होऊन येतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणजे गॅस्केट गेलं असं नाही. घर ते बाजार, दोन किलोमीटर जाणं आणि दोन किलोमीटर येणं एवढीच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही, आपल्या दमट हवेतली वाफ आत थंड होते आणि झाकणाला चिकटते. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल तर एक दिवस गाडी मडगावपर्यंत पळवून आणा, साय जाईल. डिपस्टिकवरचंच ऑइल चहासारखं झालं असेल तर गोष्ट वेगळी. पांढऱ्या धुराचंही तेच. पहाटे थंड गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून वाफ येते आणि थोड्या वेळाने थांबते, ती नेहमीची. गाडी गरम झाल्यावरही धूर येत राहिला आणि वासाला गोडसर लागला तर कूलंट जळतंय. तुमची लक्षणं अर्थात याच्या पलीकडची आहेत.

आता हेड उतरवण्याकडे येऊ. हे काम अवघड नाही, पण घाईचंही नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. टायमिंगच्या खुणा जुळवून, डिस्ट्रिब्यूटरची जागा पांढऱ्या रंगाने खुणावून मगच बेल्ट काढायचा. हेडचे बोल्ट टोकांकडून मधे, थोडे थोडे करत सैल करायचे. एका कडेचे एकदम सोडले तर सरळ हेडही वाकू शकतं. हेड उचललं की लगेच पुसापुशी करू नये. पोराच्या हातात कापड गेलं की पुरावा गेला. मी आधी गॅस्केट उजेडात धरतो. चांगल्या गॅस्केटवर प्रत्येक बोअरभोवतीची पत्र्याची कडी सारखी चमकते. गेलेल्या ठिकाणी ती कडी तुटलेली किंवा खाल्लेली असते आणि तिथून काजळीचा काळा ओघळ पाण्याच्या भोकापर्यंत किंवा शेजारच्या बोअरपर्यंत गेलेला दिसतो, विझलेल्या चुलीतून राखेची रेघ जावी तसा. मग पिस्टनची डोकी बघा. दोन काळी आणि एक लख्ख असेल तर ते लख्ख डोकं पाणी पीत होतं. हा ओघळ कुठे आहे यावरून हेड कुठे वाकलंय याचा पहिला अंदाज येतो.

साफसफाईत एक चूक सर्रास होते. ग्राइंडरला खरखरीत चकती लावून ब्लॉकचा फेस, म्हणजे गॅस्केट बसतं तो सपाट पृष्ठभाग, घासतात. फेस चकचकीत दिसतो, पण चकतीची बारीक पूड ऑइलच्या भोकांतून बेअरिंगपर्यंत जाते. शिवाय अॅल्युमिनियमवर चकतीने खड्डे पडतात. भोकांत कापडाचे बोळे घालायचे, बोथट पत्ती आणि थिनर वापरून हाताने खरवडायचं. जुन्या गाड्यांच्या मूळ गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओलं ठेवून खरवडा आणि हवेचा फवारा मारू नका.

मग मोजणी. इथे मेस्त्री पारखला जातो. कडा सरळ असलेली पोलादी पट्टी हेडच्या फेसवर उभी धरायची, लांबीला दोन्हीकडे, रुंदीला आणि दोन्ही कोनांतून तिरकी. पट्टीखाली फीलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पातं घालून बघायचं. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हे पातं त्याच्या निम्मं. ते कुठेही आत शिरलं तर हेड फेसिंगला, म्हणजे लेथवर फेस सपाट करून घ्यायला, पाठवायचं. डोळ्याने किंवा बोट फिरवून हे कळत नाही. मला ३२ वर्षांनंतरही कळत नाही आणि ‘मला हाताला कळतं’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

का नाही, तेही सांगतो. मडगावात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एक पद्मिनी गाडी आली, तापून गॅस्केट गेलेली. उस्ताद गावी गेलेले. मालकाला लग्नाला जायचं होतं, त्याने घाई लावली. मी हेड पुसलं, सरळ दिसलं, नवं गॅस्केट टाकलं, गाडी मस्त चालली. मालक खूश, मीही खूश. पंधरा दिवसांनी तीच गाडी वाफ सोडत दारात उभी. उस्ताद आले, काही बोलले नाहीत, फक्त पट्टी आणून माझ्या हातात दिली. मधे पातं सहज सरकत होतं. दुसऱ्या गॅस्केटचे आणि फेसिंगचे पैसे माझ्या पगारातून गेले. तेव्हा ‘कांय जावचें ना’ (काही होणार नाही) म्हणत मीच गाडी सोडली होती. आपल्याकडे या तीन शब्दांनी जेवढी इंजिनं खाल्ली तेवढी खराब ऑइलनेही खाल्ली नसतील.

हेड लेथवर पाठवताना तीन गोष्टी सांगून पाठवा. पहिली, तड्यासाठी तपासा, नंतर फेसिंग करा. दोन वॉल्व्हच्या मधला चिंचोळा पूल ही तड्याची आवडती जागा. तडा असलेल्या हेडला फेसिंग करणं म्हणजे पैसे पाण्यात. घरगुती चाचणी म्हणून हेड उलटं ठेवून, वॉल्व्ह बंद असताना चेंबरमध्ये रॉकेल भरून ठेवता येतं, पण त्यातून वॉल्व्हची गळती कळते. पाण्याच्या वाटेचा तडा प्रेशर टेस्टनेच नीट कळतो. दुसरी, कमीत कमी काढा. हेड जेवढं पातळ होईल तेवढं कॉम्प्रेशन वाढतं आणि जुन्या गाडीला चढावर नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ठोके पडल्यासारखी खडखड, सुरू होतं. तिसरी फार थोडे लोक बघतात. ८००मध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडमध्येच फिरतो. हेड कमान धरतं तेव्हा कॅमच्या बेअरिंगांची रांगही कमान धरते. खालचा फेस लेथवर सपाट होतो, वरची रांग वाकडीच राहते. म्हणून फेसिंगनंतर कॅम तेल लावून बसवा आणि हाताने फिरवा. सहज फिरला पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडकत असेल तर ते हेड सोडून द्या आणि दुसरं शोधा. तुमच्यासारख्या कोरड्या चाललेल्या गाडीत अॅल्युमिनियम नरम पडलेलंही असू शकतं. बोल्टच्या वॉशरखाली खोल रुतल्याच्या खुणा दिसल्या तर त्या हेडवर मी पैसे घालत नाही.

हेडवर पट्टी धरली तशीच ब्लॉकवरही धरा. बीड सहसा वाकत नाही, पण पाण्याच्या भोकांभोवती खाल्लेलं असू शकतं.

आता तापण्याचं कारण बघू. ते न शोधता सगळं केलं तर पुढच्या मे महिन्यात तोच घाट आणि तीच वाफ. गोव्यातल्या गाड्यांत मला जी कारणं वारंवार सापडतात ती सांगतो. सगळ्यात वरचं कारण म्हणजे रेडिएटरचा पंखा. खाऱ्या हवेने त्याच्या अर्थच्या वायरीला आणि कनेक्टरला हिरवा गंज चढतो, पंखा कधी लागतो, कधी नाही. सपाटीवर वारा लागतो म्हणून समजत नाही. चोर्ल्याला दुसऱ्या गिअरमध्ये, मागून ट्रक, समोर वळण, तेव्हा वारा नसतो आणि पंखाच हवा असतो. तुमच्या गाडीतही मी पहिला हात पंख्यालाच घालीन. फॅन स्विच काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच बघा, नाही फिरला तर वायर, फ्यूज आणि मोटर.

दुसरं कारण म्हणजे साधं पाणी. थंडी पडत नाही तर कूलंट कशाला, असं आपल्याकडे म्हणतात. कूलंट नुसतं पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज चढू नये आणि पाणी लवकर उकळू नये म्हणूनही आहे. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलं की उकळबिंदू सातेक अंशांनी वर जातो, शिवाय झाकणाच्या दाबाने आणखी चढतो. विहिरीचं पाणी, त्यातून किनाऱ्याजवळची एप्रिल-मेमधली मचूळ विहीर असेल तर क्लोराइड अॅल्युमिनियम खातो आणि बिडाचा गंज रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. जुना पितळी रेडिएटर असेल तर वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई मारून घेता येते. हे काम करणारे अजून आहेत. बाहेरून जाळीत लाल माती आणि किडे बसलेले असतात, ते आतल्या बाजूने पाणी मारून बाहेर काढायचे. जोरात मारलं तर जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात.

मग रेडिएटरचं झाकण. त्याचं रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. थोड्या पैशांची वस्तू, पण कुणी बदलत नाही. वॉटर पंपाची पुली हलवून बघा, खालच्या भोकातून गळतीचे डाग बघा. ब्लॉकच्या मागच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या टोप्याही बघा. साध्या पाण्याने त्या आतून सडतात आणि मागे असल्यामुळे गळती दिसत नाही, पाणी नुसतं ‘कुठेतरी’ जात राहतं.

थर्मोस्टॅटबद्दल माझं आणि अर्ध्या गोव्याच्या मेस्त्र्यांचं पटत नाही. ते काढून फेकतात. माझ्या मते तो हवाच. त्याच्याशिवाय पावसाळ्यात इंजिन कधी नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइल खराब होतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर थोडं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत इंजिनात फिरतं, आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. जुना तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी ठेवून तो दोऱ्याने लोंबकळत सोडा आणि पाणी तापवा. त्याच्यावर छापलेल्या अंशाला, बहुतेकदा ८२ च्या आसपास, तो उघडायला लागला पाहिजे. बायकोचं पातेलं मात्र घेऊ नका.

जोडणीचं थोडक्यात सांगतो, कारण ती चुकण्याची ठिकाणं मोजकीच आहेत. बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते कुठे जाणार? ब्लॉक फुटतो. म्हणून भोकं हवेने कोरडी करा, आटे टॅप फिरवून साफ करा. बोल्टांचे आटे ताणलेले दिसले तर नवे घ्या. गॅस्केट कोरडं बसवा, शेलॅक नको, सिलिकॉन नको. वरची बाजू कुठली ते छापलेलं असतं. ते उलटं बसवलं तर ऑइलची वाट बंद होऊ शकते. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (आवळायचा जोर मोजून दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचे. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या, शेजारच्या गाडीचा नको. मेस्त्रीकडे टॉर्क रेंच नसेल तर हे काम त्याच्याकडून करून घेऊ नका, माणूस कितीही चांगला असला तरी. हेड उतरलंच आहे तर वॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप आताच करून घ्या. मजुरी तीच असते.

ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर ते काढून नवं ऑइल, नवा फिल्टर घाला, शे-दीडशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. पहिल्या वेळी स्वस्तातलं ऑइल चालेल. पाणी भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालू द्या. वरचा पाइप गरम होईपर्यंत बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. अडकलेली हवा काढली नाही तर नव्या गॅस्केटवर पहिल्याच दिवशी अन्याय होतो. बुडबुडे थांबायलाच तयार नसतील तर ज्वलनाचा वायू अजून पाण्यात येतोय, गाडी तिथेच थांबवा.

मेहुण्यांच्या मताचं काय? त्यांना सरसकट चूक म्हणणार नाही. गॅस्केट स्वतः काहीशे रुपयांचं, पण फेसिंग, पंप, बेल्ट, रेडिएटर आणि मजुरी धरली की खर्च वेगळाच होतो. म्हणून हेड उतरवायच्या आधी गाडी वर घेऊन पत्रा बघा. गोव्यात १९९८ची गाडी इंजिनाआधी तळाने जाते. मॅटखालचा तळ, पुढच्या शॉकॲबसॉर्बरच्या वरच्या टोप्या, मागच्या सस्पेन्शनची जोडणी, इथे स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर मेहुणे बरोबर आहेत. आणि आरसी. १५ वर्षांनंतर ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तिची मुदत संपत आली असेल तर तो खर्चही हिशेबात धरा. पत्रा धड असेल, तिन्ही बोअर गंजविरहित असतील, कॅम हाताने फिरत असेल तर माझ्या मते ही गाडी दुरुस्त करण्यासारखी आहे. पार्ट मिळतात, काम साधं आहे आणि वडिलांची गाडी आहे. बोअरमध्ये नख अडकेल असे ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तर दुसऱ्या मेस्त्रीचं ऐकावं लागेल.

पहिल्या मेस्त्रीला काम देणार असाल तर एवढंच सांगा: हेड उतरल्यावर मला बोलव, पट्टी माझ्यासमोर लाव आणि जुनं गॅस्केट टाकून देऊ नको. तो चिडला नाही, ‘या की’ म्हणाला, तर माणूस चांगला आहे.

चवथीचं म्हणाल तर वेळेचा हिशेब तुमच्या हातात नाही, लेथवाल्याच्या हातात आहे. चवथीआधीच्या आठवड्यात त्याची पोरं गावी जातात आणि जो तो आपलं काम पुढे रेटत असतो. तुमचं हेड या आठवड्यात उतरून त्याच्या टेबलावर पोचलं तर गाडी मिळेल. नाही पोचलं तर घाई करून नुसतं गॅस्केट टाकून घेऊ नका, माटोळीचं सामान यंदा मेहुण्यांच्या गाडीतून आणा.